आप्तवाक्य आणि अद्ययावत प्रणाली : विश्वासाच्या प्रामाण्याचा एक विचार

प्रश्नाचे स्वरूप

माणसाच्या ज्ञानाचा फार मोठा भाग त्याने स्वतः पाहिलेला किंवा स्वतःच्या बुद्धीने अनुमानलेला नसतो, तो इतरांनी सांगितला म्हणून स्वीकारलेला असतो. आणि म्हणूनच दुसऱ्याचे सांगणे कोणत्या अटींवर ज्ञानाचे साधन ठरते, या प्रश्नाचा विचार भारतीय दर्शनांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याइतक्याच गांभीर्याने केला. ज्ञानाच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात, ज्याच्या वचनावर विसंबावे अशा व्यक्तीला 'आप्त' म्हणतात, आणि आप्ताच्या वचनाला न्यायदर्शनाने 'शब्द' या नावाने स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले. चार्वाकांनी हे प्रमाण नाकारले, वैशेषिकांनी आणि बौद्ध तार्किकांनी ते अनुमानात सामावून घेतले, तर मीमांसकांनी त्याचा पाया थेट वेदाच्या अपौरुषेयत्वात, म्हणजे वेदाला कोणी कर्ताच नाही या सिद्धांतात शोधला.

खानदेशाला या विचाराचे परकेपण नाही. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, आणि तेथे काम करणाऱ्या जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तीन अभ्यासकांनी १९३३ मध्ये 'अज्ञान' या एकाच विषयावर वेगवेगळ्या भूमिका मांडणारा ग्रंथ मिळून सिद्ध केला. अमळनेरहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुढे नरडाणा, शिंदखेडा आणि दोंडाईचा ही स्थानके लागतात. या पट्ट्यात आज शब्दप्रमाणाचा प्रश्न एका नव्या रूपात उभा आहे. तो दार्शनिकांच्या वादसभेत उभा नसून कार्यालयांच्या संगणकांवर उभा आहे, आणि त्याचे उत्तर कळत-नकळत रोज दिले जात आहे.

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत, तहसील, महाविद्यालये, पतसंस्था आणि बाजार समिती यांचे कामकाज इंटरनेटशी जोडले गेले आहे. अशा एखाद्या संस्थेने कमी खर्चात संरक्षण मिळावे म्हणून जुन्या संगणकावर मुक्तस्रोत फायरवॉल बसवली आहे, असे विचारासाठी गृहीत धरता येईल. फायरवॉल म्हणजे संस्थेचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर राहून, ये-जा करणारा माहितीचा प्रत्येक तुकडा ठरलेल्या नियमांनुसार पुढे सोडणारी किंवा अडवणारी व्यवस्था. आणि मुक्तस्रोत म्हणजे जिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातील मूळ आज्ञावली, कोणालाही पाहता, बदलता आणि इतरांना देता येते अशी प्रणाली. आयपीफायर आणि ओपीएनसेन्स ही अशा फायरवॉलची प्रसिद्ध वितरणे आहेत. वितरण म्हणजे निरनिराळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेले शेकडो घटक एकत्र बांधून, तपासून, एक अखंड वस्तू म्हणून वापरणाऱ्याच्या हाती देणे. आयपीफायर हा जर्मनीत मूळ असलेला प्रकल्प आपले घटक सोर्स कोडापासून स्वतः बांधतो आणि ठरावीक काळाने 'कोअर अपडेट' या नावाने सर्व बदल एकत्र प्रसिद्ध करतो.

या घटकांत एक कॉम्प्रेशन लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना समान लागणारे काम एकदाच लिहून ठेवलेला तयार संच, आणि कॉम्प्रेशन म्हणजे माहिती कमी जागेत मावावी म्हणून तिच्यातील पुनरुक्ती काढून टाकण्याची क्रिया. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा लिहिला जात नाही, तर 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे घे' एवढाच निर्देश ठेवला जातो. फायरवॉलला या लायब्ररीची गरज पदोपदी पडते: अद्ययावत केलेले घटक संकुचित रूपात येतात, आणि वाहतुकीच्या नोंदीही संकुचित करूनच साठवल्या जातात. भारताच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सर्व संबंधित संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. कॉम्प्रेशनशिवाय हे बंधन लहान संस्थेला जड जाते.

आता या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, वितरणाने ती आपल्या संचात घेतली, आणि संस्थेच्या संगणकावर 'अपडेट उपलब्ध आहे' अशी सूचना उमटली. ती स्वीकारणाऱ्याने त्या कोडाची एकही ओळ वाचलेली नसते. तो केवळ कोणाच्या तरी शब्दावर विसंबतो. हे विसंबणे विवेकाचे केव्हा ठरते आणि अंधश्रद्धेचे केव्हा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दोन्ही बाजूंचा धोका

नव्याविषयी शंका असेल तर जुनेच ठेवावे, हे उत्तर सोपे वाटते, पण ते टिकत नाही. ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांची झेडलिब ही लायब्ररी १९९५ पासून प्रचारात आहे आणि जगातील असंख्य उपकरणांत ती वसलेली आहे. तिच्यात विशिष्ट प्रकारची माहिती संकुचित करताना स्मृतीचा भाग बिघडू शकेल असा एक दोष होता. तो २०१८ मध्ये कळवला गेला आणि त्याची दुरुस्तीही त्याच वर्षी लिहिली गेली, परंतु ती दुरुस्ती असलेली आवृत्ती, १.२.१२, मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. उपाय माहीत असून तो घरोघरी पोहोचला नाही, अशी ही चार वर्षे होती. २०२२ मध्येच उलट क्रियेतील, म्हणजे संकुचित माहिती पुन्हा उलगडण्यातील आणखी एक गंभीर दोष समोर आला आणि तो १.२.१३ या आवृत्तीत दुरुस्त झाला. उलगडण्याच्या क्रियेतील दोष विशेष घातक असतो, कारण उलगडायची वस्तू बाहेरच्या अनोळखी व्यक्तीकडून आलेली असू शकते.

जेथे लायब्ररी दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात सोबत बांधून दिलेली असते, तेथे धोका आणखी वाढतो. मूळ ठिकाणी दुरुस्ती झाली तरी पोटातील प्रत जशीच्या तशी राहते, आणि ती तेथे आहे याचीही वापरणाऱ्याला कल्पना नसते. २००२ मध्ये झेडलिबमधील एका दोषाने असंख्य प्रोग्रामांची अशी झाकलेली अवलंबिता उघडी पाडली होती. म्हणून सोबत बांधलेली लायब्ररी अद्ययावत करणे ही वितरणकर्त्याची स्वतंत्र जबाबदारी ठरते. वापरणाऱ्याला ते काम त्याच्याऐवजी करता येत नाही.

मात्र अद्ययावत करण्याचाही धोका तितकाच खरा आहे, हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. एक्सझेड ही दुसरी कॉम्प्रेशन प्रणाली लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ दीर्घकाळ जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कोणी तरी उपयुक्त सुधारणा पाठवू लागले. २०२२ मध्ये इतर काही नावांनी कामाच्या संथपणाबद्दल कॉलिन यांच्यावर सतत दबाव आणला, आपली प्रकृती आणि कामाचे विनावेतन स्वरूप त्यांनी सांगूनही तो थांबला नाही, आणि अखेर प्रकल्पाचे अधिकार जिया टॅन या नावाकडेही गेले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक गुप्त दार बसवले गेले, ज्यातून काही लिनक्स प्रणालींवर दूरस्थ प्रवेशाच्या सेवेतील ओळख-पडताळणीला बगल देऊन परक्याला आत शिरता आले असते. घातक आज्ञा चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत दडवल्या होत्या, आणि त्या बाहेर काढणारा धागा सर्वांना दिसणाऱ्या सार्वजनिक भांडारात नव्हता. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघड केले. पोस्टग्रेसक्यूएल या प्रणालीच्या चाचण्या करताना प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्याचे कारण शोधून काढले. डेबियन या लिनक्स वितरणाची स्थिर आवृत्ती वापरणारे या संकटातून वाचले, कारण नवे घटक त्या आवृत्तीत लगेच घेतले जात नाहीत.

हे खरे धर्मसंकट आहे. एका प्रसंगात नवे न स्वीकारणाऱ्याची हानी होते, दुसऱ्या प्रसंगात नवे लगेच स्वीकारणाऱ्याची. आणि बाहेरून पाहता दोन्ही प्रसंगी येणारी सूचना एकसारखीच दिसते.

वक्त्याचे चार दोष

परंपरेने मानवी वचनाच्या अप्रामाण्याची चार कारणे सांगितली आहेत: भ्रम, म्हणजे वक्त्याची स्वतःचीच चुकीची समजूत; प्रमाद, म्हणजे समज बरोबर असून झालेली असावधानता; विप्रलिप्सा, म्हणजे फसवण्याची इच्छा; आणि करणापाटव, म्हणजे इंद्रिये वा साधने पुरेशी सक्षम नसणे. वर सांगितलेल्या घटनांना ही विभागणी लावली की त्यांचा अंतर्गत भेद स्पष्ट होतो. झेडलिबमधील स्मृतीचे दोष भ्रम आणि प्रमाद या वर्गातले आहेत. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूत काही उणे नव्हते. दुरुस्ती लिहूनही चार वर्षे प्रसिद्ध न होणे आणि एकट्या माणसावर सारा भार पडून त्याची शक्ती अपुरी पडणे, हे करणापाटव आहे. जिया टॅन या नावाने झालेली कृती मात्र शुद्ध विप्रलिप्सा आहे.

हा भेद करण्याला व्यवहारात महत्त्व आहे, कारण प्रत्येक दोषावरचा उपाय वेगळा आहे. भ्रमावर आणि प्रमादावर दुसऱ्या जाणत्याची नजर हा उपाय आहे, करणापाटवावर मनुष्यबळ आणि साहाय्य हा उपाय आहे, आणि विप्रलिप्सेवर यांतील एकही उपाय एकटा पुरत नाही, कारण फसवणारा माणूस उपायांच्या रूपानेच आत येतो. एक्सझेडच्या प्रकरणात तसेच घडले: थकलेल्या कर्त्याला साहाय्य हवे होते, म्हणजे करणापाटव होते, आणि त्या उणिवेतून विप्रलिप्सेने साहाय्यकाचे रूप घेऊन प्रवेश मिळवला.

मीमांसकांनी वेदाला दोषमुक्त मानले ते याच मार्गाने: दोष वक्त्याचे असतात, वेदाला वक्ताच नाही, म्हणून तेथे दोषाला आश्रय नाही. हा सिद्धांत स्वीकारायचा की नाही हा वेगळा वाद आहे. पण त्यातून निघणारा एक निष्कर्ष प्रस्तुत विषयात निर्विवाद आहे. मानवी हातांनी लिहिलेला कोणताही कोड अपौरुषेय नसतो. संगणकाची शांत आणि नियमबद्ध वर्तणूक पाहून त्याच्या आज्ञावलीला निर्वैयक्तिक सत्य मानण्याची जी प्रवृत्ती समाजात दिसते, ती पौरुषेयाला अपौरुषेयाचा मान देण्याची चूक आहे.

प्रामाण्य आतून की बाहेरून

पुढचा प्रश्न असा की, एखादे ज्ञान झाले तर ते खरे असल्याची खात्री त्याच्यातच असते, की ती दुसऱ्या कशावरून मिळवावी लागते? पहिल्या मताला स्वतःप्रामाण्यवाद म्हणतात, दुसऱ्याला परतःप्रामाण्यवाद. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण मानले जाते, आणि ते खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान पुढे आले किंवा ज्ञानाच्या कारणातला दोष कळला, तरच ते सोडायचे असते. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण नंतर, त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरते. वात्स्यायनांनी आपल्या न्यायभाष्याचा आरंभच प्रमाण आणि सफल प्रवृत्ती यांच्या या संबंधाने केला आहे.

मीमांसकांचा नैयायिकांवरील मुख्य आक्षेप अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या मालिकेचा होता: पहिले ज्ञान खरे ठरवण्यासाठी दुसरे लागत असेल, तर दुसऱ्यासाठी तिसरे लागेल, आणि मग कोणतेही ज्ञान कधीच निश्चित होणार नाही. हाच आक्षेप संगणकशास्त्रात स्वतंत्रपणे उभा राहिला. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले आणि १९८४ मध्ये छापले गेलेले व्याख्यान याच विषयावर आहे. सोर्स कोडाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हा प्रोग्रामच जर बिघडवलेला असेल, आणि तो स्वतःची पुढची प्रत तयार करतानाही तोच बिघाड तिच्यात घालत असेल, तर सोर्स कोड कितीही वाचला तरी गुप्त दार दिसणार नाही, असे त्यांनी करून दाखवले. म्हणजे लायब्ररी तपासावी तर कंपायलर तपासावा लागतो, कंपायलर तपासावा तर त्याला घडवणारा कंपायलर, आणि त्याखाली यंत्राचे सुटे भाग. मालिका संपत नाही.

या अनवस्थेला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर दहाव्या शतकातील उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'तील विचारातून मिळते: शंकेची मर्यादा व्याघातापर्यंत आहे, म्हणजे जी शंका धरल्यास शंका घेणाऱ्याचाच सारा व्यवहार विसंगत ठरतो, तेथे ती थांबली पाहिजे. प्रत्येक कंपायलरवर संशय घेणारा मनुष्य जर त्याच कंपायलरने बनलेल्या प्रोग्रामांवर पतसंस्थेचे हिशेब ठेवीत असेल, तर त्याची शंका त्याच्या कृतीनेच खोडली जाते. दुसरे उत्तर जैन तार्किकांनी दिले: माणिक्यनंदींच्या 'परीक्षामुखा'नुसार प्रामाण्य कधी आपोआप कळते, कधी बाहेरून, आणि परंपरेने त्याचे स्पष्टीकरण असे केले की परिचित स्थितीत ते आपोआप प्रतीत होते, अपरिचित स्थितीत पडताळणी लागते. हा विवेक अद्ययावत करण्याच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. अनेक वर्षांचा इतिहास असलेल्या घटकात, अनेकांच्या नजरेखालून गेलेला लहानसा बदल ही परिचित स्थिती आहे. कर्ता बदलला, प्रसिद्ध गठ्ठ्यात भांडारात नसलेली फाईल आली, किंवा घाईने स्वीकारण्याचा आग्रह सुरू झाला, तर ती अपरिचित स्थिती आहे आणि तेथे पडताळणीशिवाय पुढे जाणे अविवेकाचे आहे.

नैयायिकांनी संशयाला आपल्या सोळा पदार्थांत स्थान दिले, कारण त्यांच्या मते परीक्षेची सुरुवात संशयातूनच होते. फ्रॉइंड यांचा अर्ध्या सेकंदाबाबतचा संशय या अर्थाने आदर्श होता: तो सर्वांवरचा सरसकट अविश्वास नव्हता, तर एका निश्चित, मोजता येणाऱ्या विसंगतीने जागा झालेला संशय होता, आणि तो परीक्षेने निर्णयापर्यंत नेला गेला.

पुनरुक्ती, प्रत आणि पाठशुद्धी

परंपरेने वचन जसेच्या तसे टिकवण्याची जी साधने घडवली, ती या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहेत. वेदपठणाच्या पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ या पद्धतींत तेच शब्द सुटे, जोडीने, उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटले जातात, त्यामुळे एका ठिकाणी झालेला बिघाड दुसऱ्या ठिकाणच्या पाठाशी विसंगत ठरून लगेच उघड होतो. कॉम्प्रेशनची दिशा याच्या नेमकी उलट आहे: ते पुनरुक्ती हटवते, आणि म्हणून त्यातील एका चुकीने पुढचा सारा मजकूर बिघडू शकतो. हे जाणूनच झेडलिबच्या स्वरूपात शेवटी अॅडलर-३२ आणि जीझिपच्या स्वरूपात सीआरसी-३२ नावाची पडताळणीची लहान संख्या जोडलेली असते; काढून टाकलेल्या पुनरुक्तीचा अगदी अल्प अंश संरक्षणासाठी परत ठेवलेला असतो.

मात्र अशी संख्या अपघाती बिघाड पकडते, फसवणूक पकडत नाही, कारण फसवणारा नवी संख्या काढून बसवू शकतो. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी वापरतात, जी गठ्ठा कोणाकडून आला हे सिद्ध करते. एक्सझेडच्या घातक आवृत्त्यांवर अधिकृत स्वाक्षरी होती. ती जिया टॅन या नावाचीच होती. यातून एक तत्त्व निश्चित होते: वक्त्याची ओळख पटणे आणि वक्ता आप्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हाही हल्लेखोरांनी पैसे देण्यास संमती देणाऱ्या व्यवस्थेच्या जागी तिचीच बतावणी करणारी यंत्रणा उभी केली होती. संमतीचे शब्द आले, पण ते आप्ताचे नव्हते.

मराठी ग्रंथपरंपरेने हा प्रश्न लवकर ओळखला होता. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी सुमारे तीन शतके हातांनी नकलली गेली, नकलताना पाठ बदलले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. तिच्यात कोणीही स्वतःची ओवी घालू नये असा स्पष्ट इशाराही त्यांनी देऊन ठेवला. तरीही हे शुद्धीकरण अंतिम मानून विद्वान थांबले नाहीत. एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखितावरून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये वेगळी प्रत छापली आणि पाठांचा वाद पुन्हा सुरू झाला. राजवाड्यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले, आणि त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने मूळ कागद जपण्याचे, म्हणजे पुढच्या प्रत्येक पिढीला पुन्हा पडताळता येईल अशी सोय ठेवण्याचे काम केले. एकनाथांवरील श्रद्धा आणि एकनाथांच्या पाठाची फेरतपासणी या दोन गोष्टी महाराष्ट्रात एकत्र नांदल्या, ही या परंपरेची परिपक्वता आहे.

धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भाव्यांनी रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि पूर्वी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आज लक्षावधी वाचक 'गीता प्रवचने' हे विनोबांचे म्हणून वाचतात, आणि या वाचनात ते साने गुरुजींवरही विसंबलेले असतात, जरी ते नाव त्यांच्या ध्यानात नसले तरी. बोलणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये असा एक सावध, निःस्वार्थ लेखनिक असावा लागतो. मुक्तस्रोत वितरण बांधणारे कार्यकर्ते नेमके याच स्थानी असतात: ते लायब्ररीचे कर्ते नसतात, पण ती योग्य रूपात पोहोचवण्याचे दायित्व त्यांनी स्वीकारलेले असते.

आप्ताची लक्षणे आणि वापरणाऱ्यांचे ऋण

वात्स्यायनांनी आप्ताची तीन लक्षणे सांगितली आहेत: विषयाचे साक्षात ज्ञान, प्राण्यांविषयी दया, आणि जे जसे आहे ते तसे सांगण्याची इच्छा. त्यांनी हेही सांगितले की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते. म्हणजे आप्तपण जन्माने, देशाने वा पदाने येत नाही, ते वर्तनाने येते. ही उदार भूमिका मुक्तस्रोताच्या जगाला अगदी जवळची आहे, जेथे कोणत्याही देशातील कोणीही व्यक्ती केवळ कामाच्या बळावर विश्वास मिळवू शकते. पण एक्सझेडच्या अनुभवाने दाखवले की पहिले लक्षण, म्हणजे ज्ञान, दीर्घकाळ दिसत राहिले तरी दुसरे आणि तिसरे लक्षण त्याच्याबरोबर असेलच असे नाही. ज्ञान कामातून दिसते. दया आणि सत्यनिष्ठा मात्र दीर्घ सहवासातून आणि अनेकांच्या साक्षीतूनच पारखता येतात. म्हणून आप्तपण एका व्यक्तीत शोधण्यापेक्षा ते अनेकांच्या परस्पर तपासणीत, म्हणजे समूहात स्थापन करणे अधिक सुरक्षित आहे. एकाच सोर्स कोडापासून निरनिराळ्या लोकांनी स्वतंत्रपणे बांधलेले प्रोग्राम अक्षरशः सारखे निघावेत यासाठी चालू असलेले प्रयत्न, आणि थॉम्प्सन यांच्या कंपायलरच्या शंकेवर डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात मांडलेली, दुसऱ्या स्वतंत्र कंपायलरने पडताळण्याची पद्धत, ही या समूहगत आप्तपणाची आधुनिक साधने आहेत.

या विचारात वापरणाऱ्यांचे कर्तव्य सहसा विसरले जाते. खानदेशातील फड पद्धतीचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. मुदावडजवळ शिंदखेडा तालुक्यात तापीला मिळणाऱ्या पांझरेवर, वरच्या अंगाला साक्री आणि धुळे तालुक्यांत, शेतकऱ्यांनी काही शतके ही सामुदायिक सिंचनाची व्यवस्था चालवली. बंधाऱ्यातून पाटाने येणारे पाणी फडाफडांत ठरलेल्या क्रमाने दिले जाई, त्यासाठी पाटकरी आणि रखवालीसाठी जागल्या नेमला जाई, त्यांचा मोबदला लाभधारक देत, आणि बंधाऱ्याची व पाटाची दुरुस्ती सर्वांच्या श्रमाने होई. शेवटच्या फडातल्या शेतकऱ्याला बंधारा दिसत नसे, तरी त्याचा त्या पाण्यावर विश्वास असे, कारण दुरुस्तीत त्याचा हात होता आणि पाटकऱ्याच्या पोटाची जबाबदारी त्याने उचललेली होती. एक्सझेडच्या बाबतीत पाणी साऱ्या जगाने घेतले आणि पाटकरी एकटा, बिनपगारी, थकलेला राहिला; संकट आले ते त्याच जागी.

वैदिक परंपरेने माणसाच्या जन्मासोबत येणारी तीन ऋणे सांगितली, आणि त्यांतील ऋषिऋण अध्ययनाने फेडायचे असते. पूर्वीच्या ज्ञात्यांनी दिलेले ज्ञान केवळ वापरल्याने ऋण फिटत नाही. ते वाचावे, समजून घ्यावे, सांभाळावे आणि पुढे द्यावे लागते. मुक्तस्रोत कोडाच्या बाबतीत हा विचार अक्षरशः खरा आहे. कोड सर्वांना वाचायला खुला असणे ही केवळ शक्यता आहे. कोणी तरी तो खरोखर वाचला, तरच त्या खुलेपणाचे संरक्षणात रूपांतर होते. ज्या समाजात वापरणारे लक्षावधी आणि वाचणारे मूठभर, तेथे 'सर्वांच्या नजरा आहेत' हे आश्वासन निराधार असते.

निष्कर्ष

या विवेचनातून जी भूमिका निष्पन्न होते ती अशी: दुसऱ्याने लिहिलेल्या कोडावरचा विश्वास टाळता येण्याजोगा नाही, पण तो एकदाच देऊन मोकळे होण्याजोगाही नाही. मीमांसकांचे म्हणणे इतपत खरे आहे की बाधक कारण नसताना आप्ताच्या वचनावर चालणे हा अविवेक नाही, आणि म्हणून सुरक्षिततेची दुरुस्ती आल्यावर ती अडवून धरणे चूक आहे. नैयायिकांचे म्हणणे इतपत खरे आहे की वचनाचे खरेपण कृतीच्या यशाने आणि परीक्षेने पक्के होते, आणि म्हणून परीक्षेची वाट मोकळी ठेवली पाहिजे. या दोहोंचा मेळ व्यवहारात घालणे कठीण नाही.

शिंदखेडा, दोंडाईचा किंवा खानदेशातील इतर कोणत्याही गावच्या संस्थेसाठी त्यातून काही साधे नियम निघतात. फायरवॉलची आवृत्ती कोणती आहे आणि ती अद्ययावत करण्याची जबाबदारी कोणाची आहे, हे संस्थेत लिखित स्वरूपात असावे. दोषाची दुरुस्ती वितरणकर्त्याच्या अधिकृत मार्गानेच घ्यावी आणि विलंबाने घेऊ नये. केवळ नवेपणासाठी आलेला बदल मात्र स्थिर आवृत्तीत उतरेपर्यंत थांबावे, बदलापूर्वी जुन्या स्थितीची प्रत ठेवावी, आणि बदलानंतर प्रणालीचे वर्तन काही काळ लक्षपूर्वक पाहावे, कारण अर्ध्या सेकंदाचा फरकही महत्त्वाचा असू शकतो. जी संस्था फुकट मिळालेल्या संरक्षणावर उभी आहे, तिने ते सांभाळणाऱ्यांसाठी दरवर्षी अल्पशी का होईना रक्कम द्यावी, आणि खानदेशातील महाविद्यालयांनी संगणकाच्या विद्यार्थ्यांना एका खऱ्या, वापरातल्या लायब्ररीचा सोर्स कोड वाचून त्यावर लिहिण्याचे काम अभ्यासक्रमात द्यावे. ऋषिऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग या काळात नाही, आणि विश्वासाला प्रामाण्य मिळवून देणारा दुसरा मार्गही नाही.